मागची गोळी गुलाबी होती



दर तिमाहीला मी या पानावर आपल्या वैद्यकीय शिबिरांची हकिकत लिहिते. या खेपेला मात्र एका चुकीविषयी लिहायचे आहे. चूक माझीच होती, आणि ती माझ्याकडे कशी चालत आली हे सांगितल्याशिवाय तुम्हांला माझी शेवटची विनंती पटणार नाही. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. जागतिक आरोग्य संघटनेने तो २०१९ पासून पाळायला सुरुवात केली. त्या निमित्ताने हे लिहिणे योग्य वाटले.

माझा दवाखाना माजिवड्यात आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहाला आपली गाडी माजिवडा नाक्यावरून निघते, नाशिक महामार्गाने पडघा, आसनगाव करत शहापूर गाठते आणि तिथून आत पाड्यांकडे वळते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी शाळेच्या एका खोलीत शिबिर होते. दुपारपर्यंत ऐंशीच्या वर माणसे तपासून झाली होती. एक ठाकूर आजी तिच्या सुनेबरोबर आली. रक्तदाबाची जुनी रुग्ण. मी कागदावर गोळी लिहिली, शेजारच्या टेबलावरून आपल्या स्वयंसेविकेने पुडी बांधून दिली. सून पुडी उघडून पाहत राहिली आणि परत माझ्याकडे आली.

“बाई, मागल्या टायमाला गोळी गुलाबी व्हती. ही पांढरी कशी?”

मी मान वर न करता म्हणाले, “कंपनी बदलली असेल. तीच आहे, घ्या.”

ती हलली नाही. मागे रांग होती, मला राग आला. तिच्या हातातली पुडी मी जवळजवळ ओढूनच घेतली. आत कापलेल्या पट्टीचा तुकडा होता. नावाची अर्धी अक्षरे कात्रीत गेलेली. उरलेली अक्षरे चष्मा पुसून वाचली, तेव्हा माझे हात गार पडले. ती गोळी रक्तदाबाची नव्हती, मधुमेहाची होती. आजीला मधुमेह नव्हता. पावसाळ्यात त्या घरात दोन वेळचे जेवण निश्चित नसते. अशा बाईने ती गोळी रोज उपाशीपोटी घेतली असती, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन ती बेशुद्ध झाली असती, कदाचित जिवालाही मुकली असती. सगळ्यांनी म्हटले असते, म्हातारी होती, गेली.

गाडीत परतताना स्वयंसेविका हळूच म्हणाली, “डॉक्टर, पुडी बांधताना मलाही शंका आली होती. पण तुम्हांला कसं विचारायचं?”

त्या वाक्याने मला सर्वांत जास्त टोचले. तरीही पुढचे पाच महिने मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. शिबिराच्या अहवालात लिहिले, “सर्व काही सुरळीत पार पडले.”

रुग्णसुरक्षा म्हणजे काय?

आजार माणसाला त्रास देतो हे आपण जाणतो. पण उपचार करताना, उपचारामुळेच जी इजा होते, ती टाळणे म्हणजे रुग्णसुरक्षा. चुकीचे औषध, चुकीचा डोस, चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया, न धुतलेल्या हातांनी पसरलेला जंतुसंसर्ग, दोन रुग्णांच्या कागदांची अदलाबदल, वेळेवर न सांगितलेला तपासणीचा निकाल, हे सगळे यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उपचार घेणाऱ्या दर १० जणांपैकी सुमारे एकाला अशी काही ना काही इजा होते, आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात. टाळता येण्यासारख्या इजांपैकी जवळजवळ निम्म्या औषधांशी संबंधित असतात. म्हणूनच २०१७ मध्ये संघटनेने औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जागतिक मोहीम हाती घेतली. आपल्या देशानेही २०१८ ते २०२५ या काळासाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा तयार केला.

आपल्या महाराष्ट्राला हे धडे स्वस्तात मिळालेले नाहीत. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधाची खरेदी, तपासणी आणि देखरेख या तिन्ही ठिकाणची कीड उघडी केली. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरने औषध योग्यच लिहिले होते. विष त्याच्या फार आधी, कागदपत्रांच्या आणि गोदामाच्या वाटेने आत शिरले होते.

अलीकडचे उदाहरण ३१ जानेवारी २०२१ चे. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी पोलिओच्या रविवारी १२ लहान मुलांच्या तोंडात लसीच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. देवाच्या कृपेने सगळी बरी होऊन घरी गेली. तिघा कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या ठाण्यात, कळव्याच्या एका आरोग्य केंद्रात, करोनाची लस घ्यायला आलेल्या माणसाला कुत्रा चावल्यावर देतात ती लस टोचली गेली. तिथेही परिचारिका निलंबित झाली.

या बातम्या वाचून आपण म्हणतो, “किती हा निष्काळजीपणा!” मीही म्हणाले होते. पाड्यावरच्या त्या दिवसानंतर मला दुसरे प्रश्न पडू लागले. लसीच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली का होती? कोणी ठेवायला सांगितली होती? त्या आधीच्या आठवड्यात तशीच चूक होता होता राहिली असेल, तर ती सांगायला कोणती जागा होती? कर्मचारी निलंबित झाला की बातमी संपते. टेबल मात्र तसेच राहते, आणि उद्या त्या टेबलापाशी दुसरे कोणी उभे राहते.

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हे चांगले समजावून सांगितले आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर शेताभोवती एकामागे एक चार कुंपणे आहेत असे समजा. प्रत्येकाला कुठे ना कुठे खिंडार असतेच. एरवी गुरू एका कुंपणातून आत आले तरी पुढच्याला अडते. ज्या दिवशी चारही खिंडारे एका रेषेत येतात, त्या दिवशी पीक जाते. मग शेवटच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या राखणदाराला मार पडतो, आणि आधीची तीन खिंडारे तशीच राहतात.

माझ्या चुकीतली खिंडारे मोजा. शिबिराच्या पेटीत कापलेल्या पट्टीचा तुकडा आला, हे पहिले. पेटी उघडून औषधे लावताना कोणी नाव वाचले नाही, हे दुसरे. पुडी बांधणाऱ्या मुलीला शंका आली, पण ती बोलली नाही, हे तिसरे. सुनेने विचारले तेव्हा मी न बघता उत्तर दिले, हे चौथे. ती सून तिथून हलली नाही, म्हणून आजी वाचली. तिला अक्षर वाचता येत नव्हते, रंग मात्र तिच्या लक्षात होता.

डॉक्टर याविषयी का बोलत नाहीत?

हा प्रश्न मला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारला. मी प्रामाणिकपणे उत्तर देते.

पहिले कारण आमच्या शिक्षणात आहे. मी शिकले त्या काळी शरीरशास्त्र, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया सगळे शिकवले, पण चूक झाली तर काय करायचे, कोणाला सांगायचे, रुग्णाला काय सांगायचे, हे कोणी शिकवले नाही. चांगला डॉक्टर चुकत नाही, एवढेच आम्ही न शिकवता शिकलो. त्यामुळे चूक झाली की पहिला विचार येतो, “म्हणजे मी वाईट डॉक्टर आहे.” ज्याला असे वाटते, तो झाकतो.

दुसरे कारण आमच्यातली उतरंड. वरिष्ठ डॉक्टरांना कनिष्ठ विचारत नाही, डॉक्टरांना परिचारिका विचारत नाही, आणि परिचारिकेला मावशी विचारत नाही. रुग्ण तर कोणालाच विचारत नाही. आदिवासी रुग्ण तर आपल्या दाराशी उभा राहतानाही अंग चोरून उभा राहतो. चपला बाहेर काढतो, आणि आपला प्रश्नही तिथेच ठेवून आत येतो.

तिसरे कारण भीती. कोर्टाची भीती, वर्तमानपत्राची भीती आणि अलीकडे माराचीही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की साधी चूक किंवा निर्णयातली गफलत हा फौजदारी गुन्हा ठरत नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा असावा लागतो. तो खटला उभा राहिला होता रुग्णाला लावायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला यावरून. निकाल झाला तरी भीती गेली नाही. आणि भीती असली की चुका होण्याच्या थांबत नाहीत, त्या फक्त लपतात. लपलेल्या चुकीतून शिकायला मिळत नाही, म्हणून ती पुन्हा होते.

याचा अर्थ कोणालाही जाब विचारू नये असा नाही. दारू पिऊन शस्त्रक्रिया करणारा, पैशासाठी नको ते इंजेक्शन देणारा, सांगूनही हात न धुणारा, यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण थकलेल्या माणसाने एकसारख्या दोन बाटल्यांतली चुकीची उचलली, तर त्याला घरी पाठवण्याबरोबर त्या बाटल्याही वेगळ्या करायला हव्यात. एवढाच माझा मुद्दा आहे.

बोलू दिल्याने काय होते

ज्या यवतमाळ जिल्ह्याचा वर उल्लेख आला, त्याच जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे हे बोस्टनमधले शल्यचिकित्सक. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, शेवटी कापसाचे बोळे आणि हत्यारे मोजली का, असे साधे प्रश्न. ते मोठ्याने वाचायचे आणि सर्वांनी उत्तर द्यायचे. जगातल्या आठ रुग्णालयांत, त्यांत एक नवी दिल्लीचे, ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही.

त्या यादीतला मला सर्वांत आवडणारा मुद्दा असा की सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, तो पुढे “थांबा, काहीतरी चुकतंय” असे म्हणायलाही धजतो.

आपल्याला हे नवीन नाही. अरामाचा सेनापती नामान याची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत शिकलो. तो कोडी होता. त्याला वाट दाखवली ती त्याच्या बायकोच्या घरातल्या, युद्धात धरून आणलेल्या एका लहान मुलीने. आणि यार्देनेत बुडी मारायला तो रागाने नकार देऊन निघाला, तेव्हा त्याला वळवले त्याच्या चाकरांनी. सेनापती बरा झाला, कारण घरातली सर्वांत धाकटी माणसे बोलली आणि शेवटी त्याने ऐकले. ती ठाकूर सून माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मी न ऐकणाऱ्या नामानाच्या जागी होते.

आपल्या शिबिरात काय बदलले

पाच महिन्यांनी मी धीर करून आपल्या वैद्यकीय समितीपुढे सगळे सांगितले. कोणी मला बोलले नाही. एका परिचारिका ताईंनी तर स्वतःची एक जुनी चूक सांगितली, जी त्यांनी अकरा वर्षे मनात ठेवली होती. त्या दिवशी आम्ही एकत्र प्रार्थना केली आणि मग कामाला लागलो.

आता शिबिरात औषधांची ठरावीक यादी आहे. तेवढीच औषधे आम्ही जेनेरिक नावाने, पूर्ण पट्टीत, मुदत पाहून विकत घेतो. मी चिठ्ठीवर औषधाचे नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिते. तसे वाचता येईल असे लिहावे, हा भारतीय वैद्यक परिषदेचा २०१६ पासूनचा नियमच आहे, पण आम्ही डॉक्टर तो सहज विसरतो.

पुडी देताना दोघीजणी असतात. एक नाव वाचते, दुसरी पट्टी बघून होकार देते. रुग्णाचे नाव त्यालाच विचारायचे, आपण उच्चारून “हो ना?” म्हणायचे नाही, कारण पाड्यावर एकाच नावाच्या चार बायका असतात आणि भिडस्त माणूस कशालाही हो म्हणतो.

पुडीवर सूर्य आणि चंद्र काढतो. सकाळची गोळी सूर्याखाली, रात्रीची चंद्राखाली. मग रुग्णाला म्हणतो, “आता तुम्ही मला सांगा, घरी जाऊन कशी घेणार?” यात एक मिनिट जादा जाते. पहिल्याच महिन्यात कळले की “दिवसातून तीनदा” याचा अर्थ कित्येकांनी “जेवण असेल तेव्हा” असा घेतला होता, आणि जेवण एकदाच होते. मुलांच्या औषधाबरोबर मापाचे झाकण देतो, कारण घरोघरीचा चमचा वेगळा.

हिवतापाच्या काही रुग्णांना प्रायमाक्विन नावाची गोळी द्यावी लागते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात, आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते. म्हणून ती गोळी आम्ही शिबिरात देत नाही. रुग्णाला सरकारी आरोग्य केंद्रात सोबत नेऊन, तपासणी आणि देखरेखीखाली सुरू करवतो. लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून लगेच यायला सांगतो.

आणि एक वही ठेवली आहे. तिच्यात चूक आणि होता होता राहिलेली चूक, दोन्ही लिहायच्या. कोणाची चूक ते लिहायचे नाही, काय झाले आणि का झाले तेवढेच लिहायचे. गाडी परत माजिवड्याला लागेपर्यंत ती वाचतो. सुरुवातीला पाने कोरीच होती. मग मी पहिली नोंद माझी केली. त्यानंतर वही भरू लागली. नोंदी वाढल्या म्हणजे आम्ही बिघडलो असे समजू नका. आधीही हे घडतच होते, फक्त कोणी सांगत नव्हते.

आता माझी विनंती

तो कापलेला तुकडा पेटीत आला कुठून, ते अजून सांगितलेले नाही. मंडळीच्या मागच्या बाकाजवळ औषधांसाठी एक पेटी आपण ठेवली होती. घरात उरलेली औषधे लोक प्रेमाने तिच्यात टाकत. आजोबा गेले, त्यांच्या गोळ्या उरल्या. डॉक्टरांनी औषध बदलले, जुनी पट्टी अर्धी राहिली. “टाकून देण्यापेक्षा गरिबाला उपयोग होईल,” हा विचार चांगलाच. ती पेटी ठेवण्याची कल्पना माझीच होती, म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नका. पण घरात उरलेले औषध कसे ठेवले होते, उन्हात की ओलीत, हे कोणाला ठाऊक नसते. कापलेल्या तुकड्यावर नाव नसते, मुदत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या देणगी-औषधांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की एकदा रुग्णाला दिलेली आणि परत आलेली औषधे दान करू नयेत. जे औषध आपण आपल्या नातवाला देणार नाही, ते पाड्यावरच्या नातवाला का द्यावे?

म्हणून ती पेटी आम्ही उचलली आहे. कृपया उरलेली औषधे देऊ नका. त्याऐवजी महिन्याला जमेल तेवढी रक्कम औषध निधीत द्या. मापाची झाकणे, जाड कागदाच्या पुड्या, बोटाला लावून ऑक्सिजन मोजण्याचे एक यंत्र, आणि आणखी एक प्रशिक्षित औषधनिर्माता महिन्यातून एक दिवस, एवढ्याची आम्हांला गरज आहे. तुमच्यापैकी कोणी निवृत्त फार्मासिस्ट असाल, तर तुमचा एक शनिवार हे मोठे दान ठरेल.

दुसरी विनंती तुमच्या स्वतःसाठी. माजिवड्याच्या आसपास मोठमोठी रुग्णालये आहेत, आपण सगळे तिथे जातो. डॉक्टरांना विचारा, “हे औषध कशासाठी? किती दिवस? माझ्या आधीच्या गोळ्यांबरोबर चालेल का?” सगळ्या औषधांची यादी खिशात ठेवा. औषधाचा विपरीत परिणाम झाला असे वाटले, तर डॉक्टरांना सांगाच, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत सरकारी क्रमांकावरही कळवता येते. आम्हां डॉक्टरांना प्रश्नांची सवय तुम्हीच लावू शकता. आज तुम्ही विचाराल, तर उद्या पाड्यावरची सून विचारेल तेव्हा आमची मान वर होईल.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, पैसे दिले आणि परतताना पुन्हा येईन असे सांगितले. हे शेवटचे आपण बहुधा विसरतो. आपण दिलेल्या उपचाराचे पुढे काय झाले, हे पाहायला परत जाणे, ही सेवेचीच बाजू आहे.

आजी अजून आहे. मागच्या महिन्यात शिबिरात आली होती. सुनेने पुडी उघडली, पट्टी उलटसुलट करून पाहिली, गोळीचा रंग पाहिला, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्या वेळ मागची रांग थांबली होती. मी थांबू दिली.

प्रार्थनेचे विषय

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरील गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांसाठी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची औषधे मध्येच तुटू नयेत यासाठी. सरकारी आरोग्य केंद्रांत अपुऱ्या माणसांनिशी काम करणाऱ्या परिचारिका, आशा आणि अंगणवाडी सेविकांसाठी. आणि आम्हां डॉक्टरांसाठी, की आम्हांला ऐकण्याची नम्रता आणि चूक कबूल करण्याचे धैर्य मिळावे.

प्रभूच्या सेवेत, तुमची एक डॉक्टर बहीण.